पान नेच्यासारखं आहे, पण झाड नेच्याचं होतं का?

बेळगावजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विभागातलं जुनं कपाट आवरताना करड्या शेल खडकाचे (चिखल दाबला जाऊन झालेल्या थरदार दगडाचे) तीन तुकडे निघाले. तिन्हींवर नेच्याच्या पानांचे काळे ठसे आहेत, शिरासुद्धा स्पष्ट दिसतात, पण सोबतच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आहेत. चौथा दगड एका विद्यार्थ्याने गोकाकच्या बाजूने आणलाय, त्यावरही नेच्यासारखी काळी नक्षी आहे. चारही नमुने प्रदर्शनात मांडायचे आहेत आणि प्रत्येकाखाली लुप्त नेच्याच्या जातीचं नाव लिहायचं आहे. पुस्तकातल्या आकृत्यांशी ताडून ते ठरवता येईल का?

मॅडम, ताडून नाव सापडेल, पण ते पानाच्या आकाराचं नाव असेल. ज्या झाडाचं ते पान होतं त्याचं असेलच असं नाही. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत: हा जीवाश्म आहे का, असेल तर ती वनस्पती नेचा होती का, आणि नेचा असेल तर कोणता. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात, आणि नमुना जितका देखणा तितकी ही घाई जास्त होते. ठसा सुबक आहे म्हणजे ओळख पक्की, असं होत नाही. काही वेळा तुटका, मळकट पण बीजाणुधानी (बीजाणू तयार होतात ती पिशवी) असलेला तुकडा हातभर लांबीच्या सुंदर पानापेक्षा जास्त सांगतो.

आधी गोकाकचा दगड घेऊ, कारण तो लवकर निकालात निघेल. गोकाकच्या धबधब्याचा कडा ज्या वालुकाश्माचा आहे तो कलादगी खडकांपैकी आहे, म्हणजे ५४ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या प्रोटेरोझोइक काळातला. जमिनीवरच्या वनस्पतींचा सर्वांत जुना पुरावा सुमारे ४७ कोटी वर्षांचा, तोही बीजाणूंच्या रूपात, नेचे त्यानंतरचे. म्हणून दगड खरोखर त्या कड्यातला असेल तर त्यावर नेचा असू शकत नाही. उरतात मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांच्या शाखायुक्त नक्ष्या, ज्यांना डेंड्राइट म्हणतात. खडकाच्या फटीत झिरपणाऱ्या पाण्यातून ही ऑक्साइडं हळूहळू साचतात आणि फांद्या फुटत जातात. राजस्थानातून येणाऱ्या फिकट वालुकाश्माच्या फरश्यांवरही हीच नक्षी असते आणि तीसुद्धा ‘जीवाश्म’ म्हणून विकली जाते.

तरीही केवळ ठिकाणावरून निकाल देऊ नका, कारण विद्यार्थ्याने दगड नेमका कुठून उचलला हे नक्की नसतं. खडीच्या ढिगातला किंवा नदीच्या पात्रातला दगड दुसरीकडचाही असू शकतो. दहापट भिंगाखाली चार गोष्टी पाहा. नक्षी थराच्या पातळीवर आहे की थर कापत जाणाऱ्या फटीवर? डेंड्राइट बहुधा फटीवर असतो आणि दगडाच्या कडेपासून किंवा एखाद्या रेषेपासून आत पसरतो. मधला दांडा टोकाकडे एकसारखा निमुळता होतो का? पानात होतो, डेंड्राइटमध्ये जाडी कशीही बदलते. बाजूच्या फांद्या ठरावीक अंतराने, ठरावीक कोनात निघतात का? आणि सर्वांत महत्त्वाचं, काळ्या भागाच्या आत शिरा आहेत का? डेंड्राइटच्या ‘पानात’ शीर नसते, भिंगाखाली फक्त दाणेदार कडा दिसते. पाचवी चाचणी रासायनिक आहे. जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड इन्सुलिनच्या सुईने नक्षीच्या एका कोपऱ्यावर थेंबभर टाका. मँगनीज ऑक्साइड असेल तर लगेच बुडबुडे येतात, कारण ते पेरॉक्साइडचं विघटन घडवून आणतं. बुडबुडे आले नाहीत म्हणून वनस्पती ठरत नाही. लोहाचं ऑक्साइड शांतच राहतं. ही चाचणी कपाटातल्या तीन तुकड्यांवर करू नका, तिथे तिची गरज नाही.

आता ते तीन तुकडे. इथे भिंगाच्या आधी रजिस्टर पाहिजे. जीवाश्माचं निम्मं मोल तो कुठल्या थरातून आला यात असतं. विभागाचं डेड स्टॉक रजिस्टर, जुनी बिलं, कपाटातल्या रद्दीत अडकलेले कागद, पेटीच्या आतली शाई, दगडाच्या पाठीवर तैलरंगाने घातलेला आकडा, हे सगळं आधी तपासा. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे संग्रह त्याआधीचा असेल तर नमुने मुंबई-पुण्याच्या शैक्षणिक साहित्य विक्रेत्यांकडून आलेले असू शकतात. अशा विक्रेत्यांच्या संचात भारतीय गोंडवन खडकांचे (इथल्या जुन्या कोळशाच्या थरांचे) आणि परदेशी कोळसा थरांचे नमुने शेजारीशेजारी असू शकतात. दगडाच्या पाठीवर नुसता ‘१७’ असा आकडा दिसला तरी तो पुसू नका. रजिस्टरमधली ओळ सापडली तर त्या आकड्याला अर्थ येतो. आणि नमुना धुऊ नका. शेलमधली माती पाणी पिऊन फुगते, सुकताना आकसते आणि ठशाचा पापुद्रा सुटतो. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढा. पूर्वी चकाकी आणण्यासाठी कोणी वॉर्निश लावलेलं असेल तर ते खरवडू नका, तसंच राहू द्या आणि नोंदीत लिहा.

ठसा कोणत्या प्रकारे टिकलाय यावर पुढची सगळी पद्धत ठरते. वहीत दाबून ठेवलेल्या पानासारखी कोळशाची पातळ पापुद्री उरली असेल तर तो संपीडित जीवाश्म. त्यात पानाची बाह्यत्वचा आणि बीजाणू मिळण्याची शक्यता असते. पापुद्री झडून नुसता साचा उरला असेल तर ती मुद्रा. तिच्यात आकार आणि शिरा असतात, पेशी नसतात. तिसरा प्रकार शिळाभूत जीवाश्माचा, ज्यात सिलिका किंवा चुन्याने पेशींच्या पोकळ्या भरून टाकलेल्या असतात आणि दगड कापला की आतली रचना दिसते. तुमच्या वर्णनावरून तुमचे तिन्ही पहिल्या प्रकारचे वाटतात. काळेपणा बोटाला लागतो का हे पाहायचा मोह टाळा. जी पापुद्री बोटाला लागेल तीच नंतर प्रयोगशाळेला हवी असते.

शेल फुटताना पानाचे दोन अर्धे होतात, एक ठसा आणि एक प्रतिठसा. तीन तुकड्यांपैकी दोन एकमेकांचे जोडीदार आहेत का ते बघा. असतील तर तुमच्याकडे तीन वनस्पती नाहीत, दोनच आहेत, आणि त्या जोडीला एकच क्रमांक मिळाला पाहिजे, ‘अ’ आणि ‘ब’ असा. बीजाणुधान्या पानाच्या खालच्या बाजूला असतात. एका अर्ध्यावर काही दिसत नसेल तर दुसऱ्यावर त्या असू शकतात, म्हणून ‘डुप्लिकेट आहे’ असं समजून एक अर्धा वर्गात फिरवायला देणं हे मोठं नुकसान आहे.

मग फोटो. संपीडित पापुद्रीसाठी आणि मुद्रेसाठी उजेड वेगळा लागतो. मुद्रेत उंचसखलपणा महत्त्वाचा, म्हणून दिवा दगडाच्या पातळीपासून १०–१५ अंश इतका खाली आणि डाव्या-वरच्या बाजूला ठेवा, खोलीतले बाकी दिवे बंद करा. दिवा उजवीकडून ठेवून दुसरा फोटो घ्या. काही शिरा एकाच दिशेच्या उजेडात दिसतात. कोळशाच्या पापुद्रीत मात्र अडचण चकाकीची असते. तिथे दिव्यासमोर एक आणि लेन्ससमोर एक असे दोन ध्रुवक फिल्टर लावून त्यातला एक फिरवत जा; एका स्थितीत चकाकी नाहीशी होऊन काळं पान करड्या दगडातून वेगळं उठून दिसतं. भौतिकशास्त्र विभागात ध्रुवक सापडतीलच. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी ठशाच्या पातळीवरच ठेवा, टेबलावर नाही, नाहीतर मोजमाप चुकतं. नाणं ठेवू नका; नाण्यांचे आकार बदलत आले आहेत.

वर्णन करताना तीन स्तर वेगळे ठेवा: पानाचा मुख्य दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी फुटणारी दलं, आणि दलावरच्या लहान दलिका. हातात आलेला तुकडा अख्खं पान आहे की मोठ्या पानाचं एक दल, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, म्हणून ‘पान दोनदा विभागलेलं’ असं लिहिण्याऐवजी ‘दिसणारा भाग किमान दोनदा विभागलेला’ असं लिहा. दलाच्या मधल्या भागातल्या दहा दलिका निवडा. प्रत्येकीची लांबी, रुंदी, मधल्या शिरेशी बाजूच्या शिरांचा कोन आणि कडेजवळ एका सेंटिमीटरला किती शिरा पोहोचतात हे मोजा. सरासरीबरोबर कमाल-किमानही लिहा. टोकाच्या आणि बुडाच्या दलिका वेगळ्या नोंदवा. एकाच पानाच्या टोकाकडे दलिका एकमेकींत मिसळलेल्या आणि बुडाकडे सुट्या व खाचा असलेल्या असू शकतात, आणि हे दोन तुकडे वेगवेगळे हाती आले तर त्यांना दोन प्रजातींची नावं दिली जातात. जुन्या साहित्यात अशी दुहेरी नावं भरपूर आहेत.

एक तपासणी हमखास राहून जाते, ती खडकाच्या विकृतीची. गाळ दाबला जाताना किंवा खडक ताणला जाताना पानही ताणलं जातं. एकाच दगडावर वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या दलिका मोजा. एका दिशेच्या सगळ्या लांबट आणि तिच्याशी काटकोनातल्या सगळ्या आखूड असतील तर तो फरक वनस्पतीचा नाही, खडकाचा आहे, आणि लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावर बेतलेलं कोणतंही नाव तिथे चालणार नाही.

एवढं झालं की आकारप्रजातींकडे, म्हणजे नुसत्या पानाच्या आकारावरून दिलेल्या नावांकडे, या. दलिका पूर्ण बुडाने दांड्याला चिकटलेली, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, टोक गोल, मधली शीर सरळ टोकाजवळ जाणारी आणि बाजूच्या शिरा साध्या किंवा एकदा दुभंगलेल्या असतील तर आकार पेकोप्टेरिसचा. बूड आवळलेलं, कडा खाचांच्या, दलिका पाचरीसारखी असेल तर स्फिनोप्टेरिस. बूड हृदयाकृती, एकाच बिंदूला जोडलेली आणि मधली शीर टोकाआधीच विरून बाजूच्या शिरा कमानीसारख्या वळणाऱ्या, तर न्यूरोप्टेरिस. बूड दांड्यावरून खाली ओघळून शेजारच्या दलिकेला मिळणारं, मधली शीर ठसठशीत आणि बाजूच्या शिरा तिला जवळजवळ काटकोनात असतील तर अलेथोप्टेरिस. मध्यजीव महाकल्पातल्या (डायनोसोरांच्या काळातल्या) नमुन्यांत पेकोप्टेरिससारखीच पण किंचित कोयत्यासारखी वळलेली दलिका दिसली की क्लॅडोफ्लेबिस. ही नावं फक्त आकाराच्या खणांची आहेत. एकाच खणात नात्याने दूरच्या वनस्पती येऊन बसतात.

आणि इथेच मूळ अडचण आहे. नेच्यासारखी पानं असणाऱ्या, पण बीजं धरणाऱ्या वनस्पतींचा एक मोठा समूह होऊन गेला. कोळसा थरांतल्या अनेक ‘नेच्यां’वर बीजाणुधान्या कधीच का सापडत नाहीत, याकडे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ श्टूर यांनी १८८३ मध्ये लक्ष वेधलं. १९०३ मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट यांनी लायजिनोप्टेरिसच्या पानांचं आणि एका बीजाचं नातं ग्रंथींच्या साम्यावरून जोडून दाखवलं, आणि बीजी नेचे हा गट उभा राहिला. आज आपण न्यूरोप्टेरिस आणि अलेथोप्टेरिस हे आकार बीजी नेच्यांचे मानतो. पेकोप्टेरिस बहुतांशी मरॅटिया कुळाशी नातं असलेल्या वृक्षनेच्यांचे. स्फिनोप्टेरिसमध्ये दोन्ही प्रकार आहेत, म्हणून त्या आकारावर तर काहीच ठरवू नये. बीजी नेचे हे नेचे नाहीत. तुमच्या प्रदर्शनात न्यूरोप्टेरिसखाली ‘लुप्त नेचा’ लिहिलं तर विद्यार्थ्यांच्या मनात चूकच पक्की होईल.

बीज हाती नसताना बीजी नेच्याचा संशय कशावरून घ्यावा? मुख्य दांडा बुडाकडे दोन सारख्या शाखांत दुभंगलेला असणं ही एक खूण. गोंडवनातल्या ट्रायासिक काळातल्या डायक्रॉयडियमचं पान असंच दुभंगलेलं असतं. जाड बाह्यत्वचा ही दुसरी: नेच्यांची त्वचा सहसा इतकी पातळ असते की रासायनिक प्रक्रियेत ती टिकत नाही, उलट बीजी नेच्यांची त्वचा पेशी आणि पर्णरंध्रांच्या नकाशासह निघून येते. त्याच थरात सुटी बीजं असणं हीसुद्धा खूण, पण कमजोर, कारण ती शेजारच्या झाडाचीही असतील. यातली कोणतीही एक खूण एकटी पुरत नाही, आणि खुणा नाहीत म्हणजे नेचा, असंही होत नाही.

नेचा म्हणून सिद्ध करणारा पुरावा म्हणजे बीजाणुधान्या. दलिकांच्या खालच्या बाजूला शिरांवर किंवा कडेला गोल, एकसारख्या आकाराचे उंचवटे किंवा खळगे आहेत का ते शोधा. प्रगत नेच्यांची एक बीजाणुधानी मिलिमीटरच्या पाव ते अर्ध्या भागाएवढी असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फक्त पुंज दिसतो. सराफाचं दहापट भिंग पुंजाची मांडणी दाखवील, एकेक धानी पाहायला ३० ते ५० पट विवर्धनाचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागेल. उंचवटे एकसारखे नसतील, शिरांशी त्यांचा संबंध नसेल आणि दगडाच्या मोकळ्या भागावरही असतील तर ते खनिजाचे दाणे किंवा बुरशीचे डाग समजा.

धान्या सापडल्या तर ओळख एकदम पुढे सरकते. जाड भिंतीच्या धान्या एकमेकींना चिकटून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने गट करून असतील तर मरॅटिया गण. सुट्या, पुंज न करता खालचा पृष्ठभाग व्यापणाऱ्या आणि पान क्लॅडोफ्लेबिससारखं असेल तर ऑस्मुंडा कुळ. अशा फलक्षम, म्हणजे धान्या धरणाऱ्या, पानांना टोडाइट्स म्हणतात. मोजक्याच धान्यांचा गोल पुंज आणि पुन्हापुन्हा दुभंगणारं पान, दुभंगात सुप्त कळी, तर ग्लायकेनिया कुळ. पंख्यासारखं रुंद पान, जाळीदार शिरा, तर डिप्टेरिस कुळाचा विचार करा. त्यापुढचा निर्णय बीजाणुधानी उलगडणाऱ्या जाड भिंतीच्या पेशींच्या पट्ट्यावरून होतो: लायगोडियमच्या नातलगांत तो टोकाला टोपीसारखा, सायथिया या वृक्षनेच्याच्या कुळात तिरका, आणि पॉलिपोडियमच्या गटात उभा व देठापाशी तुटलेला. हा पट्टा दगडात नीट दिसणं भाग्याचं, पण दिसला तर दुसऱ्या कुठल्याही लक्षणापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो. विद्यार्थ्यांना हे शिकवायचं असेल तर जिवंत नेच्यांवर शिकवा. पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूला नेच्यांची कमतरता नाही. हंसराजाच्या दुमडलेल्या कडेखालच्या धान्या, वेलासारख्या चढणाऱ्या लायगोडियमच्या पानांच्या कडेची फलक्षम बोटं भिंगाखाली दाखवली की दगडावरचे उंचवटे वाचता येऊ लागतात. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काही तोडू नका.

वंध्य पान असेल, धान्या नसतील, तर वयाची मदत घ्या. त्याच दगडावर आणखी काय आहे? जिभेसारखं, मध्यशीर आणि जाळीदार शिरा असलेलं पान म्हणजे ग्लॉसोप्टेरिस. ते दिसलं की खडक गोंडवनातला, पर्मियन काळातला, साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा. (ग्लॉसोप्टेरिसच्या नावात ‘प्टेरिस’ असलं तरी तीही बीजधारीच.) त्याच्यासोबतच्या नेच्यांना युरोपातल्या कोळसा थरांची नावं देणं पूर्वी चालायचं, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा बऱ्याच भारतीय नमुन्यांची नियोमॅरिओप्टेरिस, डायकोटोमोप्टेरिस अशा वेगळ्या प्रजातींत फेरमांडणी झाली. म्हणून जुन्या पुस्तकातली आकृती जुळली तरी तिच्याखालचं नाव कदाचित आता वापरात नसेल. उलट दगडावर समचौकोनी खवल्यांसारख्या पर्णखुणांची साल दिसली तर लेपिडोडेंड्रॉन गृहीत धरा, म्हणजे नमुना बहुधा उत्तरेकडच्या कार्बोनिफेरस कोळसा थरांतला, परदेशी. दगड काळा आणि पान पांढरं असेल तर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या सेंट क्लेअरचे नमुने आठवावेत. तुमचे करड्यावर काळे आहेत, म्हणून ती शक्यता बाजूला ठेवू.

झारखंडच्या राजमहाल टेकड्यांतले नमुने भारतीय संग्रहांत नेहमी असतात, म्हणून एका फसव्या पानाबद्दल मुद्दाम सांगतो. टिलोफायलम हे तिथलं नेहमीचं पान. एका दांड्यावर दोन्ही बाजूंनी अरुंद पट्ट्या, आणि ‘नेचा’ म्हणून ते सर्रास मांडलं जातं. ते बेनेटायटेलीज गटातलं, सायकससारखं दिसणारं बीजधारी झाड. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल साहनी यांनी १९३२ मध्ये ज्या विल्यमसोनिया स्यूवर्डियानाची पुनर्रचना केली तिची पानं याच प्रकारची. ओळखायची खूण सोपी आहे: पट्टी दांड्याच्या कडेला नसून वरच्या पृष्ठभागावर चिकटलेली असते, त्यामुळे दांडा अंशतः झाकला जातो, आणि पट्टीला मधली शीर नसते, सगळ्या शिरा जवळजवळ समांतर धावतात. तुमच्या तिन्हींवर ही तपासणी सर्वांत आधी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

विद्यार्थ्यांना आपल्या भागात नेच्यांचे जीवाश्म शोधायचे असतील तर त्यांना पिसासारखी पानं शोधायला सांगू नका. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, निपाणी-चिकोडीकडे जो काळा दगड आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन लाव्ह्याचा. लाव्ह्यात पान टिकत नाही, जळून जातं. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली तिथल्या गाळाच्या थरांत, विशेषतः गारगोटीसारख्या चर्टमध्ये, वनस्पती सापडतात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातल्या अशा थरांतून साहनी आणि राव यांनी अझोलाचा जीवाश्म वर्णिला, आणि त्याच भागातल्या मोहगाव कलानच्या चर्टमधून मार्सिलिया कुळातल्या रोडाइट्सचं बीजाणुफळ मिळालं. अझोला म्हणजे आपले शेतकरी जनावरांना खाऊ घालतात तीच, आणि मार्सिलिया भाताच्या खाचरात चार पानांची असते ती. दोन्ही नेचेच आहेत, पण दगडात त्या नेच्यासारख्या दिसणार नाहीत. चर्ट कापल्यावर काही मिलिमीटरचे गोल आडवे छेद दिसतील. लाव्ह्याच्या दोन थरांमधला हात-दोन हात जाडीचा मातकट किंवा पांढरट गाळाचा पट्टा दिसला की तिथला फोटो, अचूक ठिकाण आणि पट्ट्याच्या वर-खाली काय आहे याची नोंद आणायला सांगा. चर्टचा तुकडा कापून २२०, ४००, ६००, १००० क्रमांकाच्या कार्बोरंडम पावडरीने क्रमाने घासला आणि पाण्याखाली धरून तिरप्या उजेडात पाहिला तर काही आहे की नाही इतपत कॉलेजातच कळतं. प्रत्येक पावडरीनंतर तुकडा आणि काच स्वच्छ धुवा. जाड पावडरीचा एक कण राहिला तर पुढच्या टप्प्यात चरे पडतात आणि ते शिरांसारखे दिसतात.

दगडातून बीजाणू किंवा पानाची त्वचा काढण्याचं काम मात्र कॉलेजात करू नका. सिलिका विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते माणसाच्या कातडीतून आत जाऊन रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि सौम्य आम्लाची भाजणूक कधीकधी काही तासांनीच जाणवते. रसायनशास्त्राच्या साध्या फ्यूम हूडवर भागवण्यासारखं ते नाही. पानाच्या त्वचेसाठी वापरतात ते नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटचं मिश्रणही स्फोटक स्वभावाचं. यासाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था, लखनऊची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था अशा ठिकाणी लिहा. खडकाच्या वयाबद्दल आधी बोलायला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग जवळ पडेल. पत्रासोबत फोटो, मोजमापं आणि रजिस्टरचा उतारा पाठवा. ठशाला धक्का न लावता दगडाच्या पाठीमागून १० ते २० ग्रॅम चुरा काढता आला तर त्यातल्या बीजाणू-परागकणांवरून वय ठरण्याची चांगली शक्यता असते, आणि वय कळलं की वरच्या निम्म्या शक्यता आपोआप गळतात. चुरा नव्या प्लास्टिक पिशवीत घ्या, छिन्नी आधी पुसून घ्या. पावसाळ्याआधीच्या दिवसांत हवेत इतके पराग असतात की जुनी पिशवीसुद्धा निकाल बिघडवते.

चिठ्ठीवर काय लिहायचं हे तुमच्या पुराव्यावर अवलंबून आहे. वंध्य पान, ठिकाण अज्ञात: ‘पेकोप्टेरिस प्रकारचं पान, जाती अनिश्चित, ठिकाण व काळ अज्ञात’. सोबत ग्लॉसोप्टेरिस असेल: ‘गोंडवन, पर्मियन’ जोडा. धान्या दिसल्या आणि त्यांची मांडणी स्पष्ट असेल तर कुळापर्यंत जा. जातीचं नाव मी तेव्हाच लिहितो जेव्हा थर माहीत आहे, फलक्षम भाग आहे आणि मूळ वर्णनातल्या मापांशी माझी मापं जुळली आहेत. नावाशेजारी ते कोणी, कधी, कशावरून ठरवलं हेही लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला दुरुस्त करता येईल. चौथा दगड तपासणीत तसा ठरला, तर त्यावर ‘मँगनीज डेंड्राइट, गोकाक परिसर’ लिहून तो याच टेबलावर पेकोप्टेरिसच्या शेजारी ठेवा, आणि दोन्हींसमोर एक भिंग ठेवा.

साठवणीबद्दल एक गोष्ट तातडीची. शेलमध्ये पितळी चमकणारे पायराइटचे कण असतील तर बेळगावचा पावसाळा त्यांना सोसत नाही. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं, गंधकाम्ल तयार होतं, दगडावर पांढरी-पिवळी भुकटी येते, चिठ्ठी जळते आणि शेवटी ठसा फुटतो. तुमच्या कपाटातल्या चिठ्ठ्या अशाच गेल्या असतील, हेही तपासा: खणाच्या तळाशी अशी भुकटी आहे का, नाकाला गंधकासारखा वास येतो का. तसं असेल तर तो तुकडा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा, आणि नवी चिठ्ठी दगडाला न चिकटवता वेगळ्या छोट्या पिशवीत घाला.